‘याहून पावरचं द्या’ म्हणण्याआधी: कपाशीतल्या या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की माझ्या काउंटरवर रिकाम्या बाटल्या यायला लागतात. "भाऊ, हे मारलं. काहीच फरक नाही पडला जी. याहून पावरचं द्या." बाटली ठेवताना माणूस ती जरा आपटूनच ठेवतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. हे वाक्य दर हंगामात इतक्यांदा ऐकतो की आता मी बाटलीआधी माणसाच्या हातातली पिशवी बघतो. पिशवीत चार बोंडं असतील तर बोलता येतं. नुसती बाटली असेल तर मी विकायचं आणि त्यानं न्यायचं, यापलीकडे काही होत नाही.

मागच्या हंगामात एकानं बोंडं आणली होती. हिरवीगार, बाहेरून एक डाग नाही. मी काउंटरवरच एक चिरलं. आत एका कप्प्यात गुलाबी अळी सरकीत तोंड खुपसून बसलेली, शेजारची रुई पिवळट पडलेली, कप्प्याच्या पडद्याला बारीक भोक. "चार दिवसांआधीच मारलं होतं," तो म्हणाला. मारलं होतं हे खरं, औषधही चांगलं होतं. पण अळी ज्या घरात बसली होती तिथं ते शिरलंच नव्हतं. यात अळीचा काही पराक्रम नाही.

"औषध लागलं नाही" आणि "अळी पक्की झाली" हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात फवारणी चुकलेली असते, दुसऱ्यात अळीच बदललेली असते. आपण मात्र दोन्हींवर एकच इलाज करतो, आणखी जोरात मारायचं. त्यानं पहिला आजार बरा होत नाही आणि दुसरा वाढतो. शिवाय पहिल्यातूनच दुसरा जन्माला येतो. तो कसा, ते आधी बघू, मग चुकांकडे वळू.

अळीला औषधाची सवय लागते?

तंबाखूची लागते तशी अळीला औषधाची सवय लागते, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. तसं होत नाही. गुलाबी अळीचं अंड्यापासून पतंगापर्यंतचं सगळं आयुष्यच महिन्याभराचं, त्यात ती सवय कधी लावून घेणार? होतं ते असं. शेतातल्या लाखो अळ्यांत एखाद-दुसरी जन्मतःच जराशी वेगळी असते. फवाऱ्यामुळे ती तशी घडत नाही, फवारणीच्या आधीपासून ती तिथं असते. आपण फवारतो, बाकीच्या मरतात, ती उरते. तिला जोडीदारही उरलेल्यांतलाच मिळतो. घरचं बियाणं धरताना आपण चांगली कणसं बाजूला काढतो आणि बाकीची दळायला टाकतो. इथं अळीचं बियाणं धरलं जातं, आणि निवडायचं काम आपला पंप करतो.

हे काही आजचं नाही. १९१४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ए. एल. मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं फळबागांतल्या सॅन होजे खवले किडीबद्दल हाच प्रश्न मांडला होता: चुना-गंधकाचा फवारा एका ठिकाणी कीड मारतो आणि दुसऱ्या ठिकाणी तीच कीड जगते, हे कसं? डीडीटीचा कीटकनाशक म्हणून उपयोग तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हता. तो शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं, आणि तोवर युरोपात काही ठिकाणच्या घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या.

वेगळी अळी म्हणजे नेमकी कशी वेगळी? कुणाच्या अंगात विष मोडून टाकणारी एन्झाइमं जास्त तयार होतात. कुणाची कातडी जाड असते, औषध आत शिरायला वेळ लागतो. कुणाच्या अंगात औषध जिथं जाऊन बसतं ती जागाच बदललेली असते. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारखी औषधं) ही दोन्ही मज्जातंतूतल्या सोडियमच्या एकाच दारावर काम करतात. ज्या किडीत डीडीटीनं बदललेल्या दाराची पैदास निवडून ठेवली, तिच्यावर पायरेथ्रॉइडही कमी चालतं, मग तिच्या सात पिढ्यांनी ते कधी पाहिलेलं नसलं तरी.

आणि काही किडी चक्क वागणं बदलतात. याचं माझं आवडतं उदाहरण शेतातलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे. झुरळांसाठीच्या विषारी आमिषात गोडीला ग्लुकोज घालत. अमेरिकेत जर्मन झुरळांची अशी प्रजा सापडली जी ते आमिष तोंडालाच लावत नव्हती. १९९३ साली हे छापून आलं, पण कारण कळायला २०१३ उजाडलं: त्या झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. विषात काही खोट नव्हती, ते पोटात गेलं तर ना!

बीटीच्या बाबतीत झालेली चूक, जी अजून चालू आहे

बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे अळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला, आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात क्राय१एसी हे एकच विषारी प्रथिन होतं. २००६ मध्ये क्राय२एबी जोडून बोलगार्ड-२ आलं. मार्च २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नसल्याचं खुद्द तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं. काही वर्षांतच ती दोन्ही प्रथिनांच्या कपाशीत जगू लागली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिनं कपाशीचं जे नुकसान केलं ते इथं कुणाला सांगायला नको.

हे प्रथिन अळीच्या आतड्यात जाऊन अस्तरावरच्या ठराविक जागी चिकटतं आणि तिथं भोकं पाडतं. दाराच्या कडीला कोयंडा लागतो तसं. क्राय१एसीसाठीचा कोयंडा कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कॅडहेरिनचं जनुक बिघडलेल्या अळीत कडी बसतच नाही, आणि ती बीटीचं बोंड आरामात खाते. पण त्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. एकीकडून चांगली प्रत आली तरी अळी मरते.

सगळी मेख याच ठिकाणी आहे. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. ती एकटी जगली आणि तिची गाठ साध्या पतंगाशी पडली, तर पिल्लांना एकेकच बिघडलेली प्रत मिळेल आणि ती सगळी बीटीवर मरतील. म्हणून शेतात साधे पतंग पाहिजेत, भरपूर पाहिजेत. ते कुठून येणार? नॉन-बीटीच्या ओळींतून. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं ते यासाठी. शेताभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त भरेल तेवढं नॉन-बीटी लावायचं असा नियम होता.

त्या पाकिटाचं आपण काय केलं? बांधावर फेकलं, नांग्या भरायला वापरलं, नाहीतर दुकानातच सोडून दिलं. माझ्याच गोदामात एका वर्षी अशा पाकिटांचं पोतं भरलं होतं. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. "ज्या ओळी अळीसाठी लावायच्या, त्यांचं एकरी नुकसान कोण देणार?" हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी हसून विषय बदलला होता. नॉन-बीटीऐवजी तुरीच्या ओळी चालतील असंही सांगितलं जायचं. अमेरिकन (हिरव्या) बोंडअळीपुरतं ते बरोबर, कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते, आणि त्या पिकांवर वाढलेले साधे पतंग आपसूक कपाशीत येतात. गुलाबी अळी जगते जवळजवळ फक्त कपाशीवर. तिला तुरीच्या ओळींचा काय उपयोग? हिरवी अळी बीटीला अजून बऱ्यापैकी दबून आहे आणि गुलाबी सुटली, त्यामागचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण बोंडाच्या आत आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळं संकरित वाणांत आलं. अशा वाणात बहुतेक वेळा एकच पालक बीटी असतो, म्हणून झाडाला प्रत्येक जनुकाची एकच प्रत मिळते, आणि त्याच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या निघत नाहीत. दोन जनुकांच्या वाणात १६ सरक्या धरल्या तर सरासरी ९ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. अळी बसते नेमकी सरकीत. म्हणजे तिला एकाच बोंडात कुठं दुहेरी विष, कुठं एकेरी, कुठं काहीच नाही असं ताट वाढलेलं. त्यात झाड जसं जून होतं तसं क्राय१एसीचं प्रमाण उतरतं, आणि ही अळी येते हंगामाच्या उत्तरार्धात. अळी पक्की करायचा कारखाना काढायचा म्हटला असता तर याहून चांगला जमला नसता.

आता नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, त्यामुळे फेकून द्यायची सोय राहिली नाही. पण चोर बीटीच्या, म्हणजे परवानगी नसलेल्या तणनाशक सोसणाऱ्या बियाण्याच्या, पाकिटात काय असतं, कोणतं जनुक आहे, नॉन-बीटी आहे का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ते घेऊ नका. निंदणाचा खर्च वाचतो म्हणून लोक घेतात, हे मला ठाऊक आहे, तरीही.

नाव बदललं, औषध तेच

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. तुडतुड्यांसाठी एकाला इमिडाक्लोप्रिड दिलं. पंधरा दिवसांनी तो परत आला, "दुसरं द्या." मी थायामेथॉक्झाम दिलं. पुढच्या वेळी ॲसिटामिप्रिड. तीन कंपन्या, तीन रंगांची पाकिटं, आणि तिन्ही औषधं तुडतुड्याच्या मज्जासंस्थेत एकाच जागी बसणारी. एकाला जो तुडतुडा पुरून उरला, तो बाकीच्या दोघांनाही बहुतेक पुरून उरणार. मी औषध बदललंच नव्हतं, फक्त बिलावरचं नाव बदललं होतं.

आयरॅक नावाची एक आंतरराष्ट्रीय समिती १९८४ पासून आहे. कीटकनाशक किडीच्या अंगात कुठं मारा करतं, त्यावरून ती गट पाडते आणि प्रत्येक गटाला नंबर देते. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेला मूळ घटक वाचा आणि त्याचा गट बघा. काही लेबलांवर गट छापलेला असतो, नसेल तर दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुकान बदला, हे मी दुकानदार असून सांगतोय.

कपाशीवाल्यानं एवढे गट तोंडपाठ ठेवले तरी पुष्कळ झालं. थायोडीकार्ब १अ. प्रोफेनोफॉस आणि क्विनॉलफॉस १ब. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फेनव्हलरेट हे सगळे ३अ. वर सांगितलेले तिघे तुडतुड्यांचे ४अ. स्पिनेटोरम ५, इमामेक्टिन ६, इंडोक्झाकार्ब २२अ, क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल २८. १अ आणि १ब सुद्धा एकाच जागी मारा करतात, म्हणून थायोडीकार्बनंतर लगेच प्रोफेनोफॉस हा काही खरा बदल नव्हे. आणि जोड-औषध घेताना दोन्ही घटकांचे गट बघा. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या जोडीनंतर लॅम्डा सायहॅलोथ्रिन मारलं, तर ३अ पुन्हा वापरलं असंच धरायचं.

बदलायचं कधी, यातही घोटाळा होतो. दर फवारणीला गट बदला असं सर्रास सांगितलं जातं. एका फवाऱ्यानंतर लगेच दुसरा गट मारला तर बऱ्याचदा दोन्ही औषधं एकाच पिढीवर पडतात आणि पुढच्या पिढीवर पुन्हा तीच दोन्ही. त्यापेक्षा पिढी धरून चाला. गुलाबी अळीची पिढी साधारण महिन्याची. एका महिन्यात एका गटाचं काम, पुढचा महिना त्या गटाला सुट्टी. ज्यांनी पहिला मार पचवला, त्यांच्या पिल्लांची गाठ मग वेगळ्याच औषधाशी पडते. वहीत तारीख आणि गट लिहून ठेवल्याशिवाय हे जमत नाही. मी तर कॅलेंडरवर लिहायला सांगतो, दुधाचा हिशेब लिहितो तसा.

पायरेथ्रॉइड लवकर काढायचा मोह मात्र आवरा. ते स्वस्त आहे, फवारल्यावर किडे पटापट पडताना दिसतात, मन खूश होतं. पण त्यात मित्रकिडी आधी मरतात आणि मागून पांढरी माशी उसळते. मग तिच्यासाठी वेगळं औषध, वेगळा खर्च.

पंपाचं गणित

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथं होतं, आणि याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. लेबलवरचा डोस खरं तर हेक्टरी असतो. आपण तो "पंपाला इतकं झाकण" असा लक्षात ठेवतो. हातपंपाच्या काळात ते कसंबसं जमायचं. पॉवर पंप आला आणि गणित बिघडलं.

समजा लेबलप्रमाणे एकरी ६० मिली औषध २०० लिटर पाण्यातून जायला हवं. म्हणजे १० लिटरला ३ मिली. आता पॉवर पंपानं तोच एकर ८० लिटरमध्ये उरकतो. झाकण मात्र जुन्याच हिशेबानं, १० लिटरला ३ मिली. एकरात गेलं किती? २४ मिली. निम्म्याहूनही कमी. आणि बाटली उरली म्हणून आपण खूश.

कमी डोसनं अळी मरत नाही एवढंच नुकसान असतं तर परवडलं असतं. पूर्ण डोसमध्ये एकच बिघडलेली प्रत असलेली अळीही बहुधा मरते. निम्म्या डोसमध्ये साध्या अळ्या मरतात आणि ही अर्धवट पक्की अळी जगते. दहा लाखांत एक असलेली गोष्ट मग काही हजारांतून पुढे यायला लागते. चुकलेली फवारणी पक्क्या अळीला जन्म देते असं वर म्हटलं ते हेच. "जास्तच टाकू मग" हाही मार्ग नाही. मित्रकिडी मरतात, फवारणारा माणूस धोक्यात येतो, आणि दोन्ही प्रती बिघडलेली अळी तरीही उरतेच. म्हणून आधी साध्या पाण्यानं पंप भरून एका गुंठ्यात किती पाणी जातं ते मोजा, त्यावरून एकराचं काढा, आणि एकराचा डोस तेवढ्या पाण्यात वाटा. सकाळचा अर्धा तास जातो.

नोझलही बघा. कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल लागतं. तणनाशकाचं पट्ट्यासारखं नोझल तसंच ठेवून कपाशी फवारणारे दर वर्षी भेटतात. तणनाशकाचा पंप तर वेगळाच ठेवा. टू-फोर-डीचा अंश राहिलेल्या पंपानं कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरून येतात, आणि मग माणूस तक्रार घेऊन येतो ती कीटकनाशकाची.

बोअरचं पाणी फार खारं किंवा विम्ल असेल तर प्रोफेनोफॉससारखी औषधं त्यात मोडायला लागतात. सकाळी कालवून ठेवलेलं संध्याकाळी मारू नका.

लाल त्रिकोण म्हणजे जालीम नव्हे

बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण माणसाला किती विषारी ते सांगतो. लाल सर्वांत जास्त, हिरवा सर्वांत कमी. अळीवर किती चालेल, याचा त्याच्याशी संबंध नाही. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोलला हिरवा त्रिकोण आहे आणि बोंडअळ्यांवर ते लाल त्रिकोणाच्या कित्येक जुन्या औषधांना मागं टाकतं. तरी "हिरवं नको, लाल द्या" म्हणणारे आहेत. २०१७ साली, गुलाबी अळी उसळली त्याच हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. चार औषधं एका टाकीत कालवून, उंच वाढलेल्या कपाशीत, तोंडाला काही न बांधता फवारणं हे तेव्हाही चालू होतं आणि आजही थांबलेलं नाही.

मिश्रणाबद्दल एवढंच सांगतो: दोन औषधं निम्म्या-निम्म्या डोसनं मिसळली की दोन्ही गटांना पक्की होणारी अळी एकाच वेळी निवडली जाते.

मग खरंच पक्की झाली का, ते कसं ओळखायचं

आधी अळी कुठं आहे ते बघा. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक मागून बुजतं. त्यानंतर बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून फवारणीची वेळ पतंगांवरून ठरवायची. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, रोज सकाळी पतंग मोजा. सलग ३ दिवस दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तर वेळ झाली. सोबत डोमकळ्या बघा, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं. आणि शेतात फिरून २० हिरवी बोंडं तोडून चिरा. दोन किंवा जास्त बोंडांत जिवंत अळी असेल तर फवारा. एकही नसेल तर शेजाऱ्यानं फवारलं म्हणून फवारू नका.

औषध मारताना दोन ओळी मुद्दाम कोऱ्या सोडा. आठ दिवसांनी कोऱ्या आणि फवारलेल्या ओळींतली नवी फुलं, कोवळी बोंडं ताडून बघा. फरक दिसला तर औषध चाललंय. शेताच्या मध्यावर चाललंय आणि बांधाकडे नाही, किंवा शेंड्यावर चाललंय आणि खाली नाही, तर दोष फवारणीचा. योग्य वेळी, मोजून, नीट नोझलनं मारलं, पाऊस आला नाही, बाटलीची मुदत गेलेली नाही, बिल पक्कं आहे, आणि तरीही कोऱ्या ओळीत जेवढ्या अळ्या तेवढ्याच फवारलेल्यात; गेल्या वर्षीही त्या गटाचं असंच झालं होतं, आजूबाजूच्या शेतांतही तेच चाललंय. असं सगळं जुळलं तर मात्र संशय घ्या. तो गट त्या हंगामापुरता बंद करा, आणि अळ्या असलेली बोंडं कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत दाखवा.

पानं खाणाऱ्या अळीचं घरी पाहता येतं. स्पोडोप्टेरा असो की कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, लेबलच्या डोसचं थोडं पाणी करायचं, हातमोजे घालून पानं त्यात बुडवून सावलीत वाळवायची, आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ती पानं आणि दहा लहान अळ्या ठेवायच्या. दुसऱ्या डब्यात साध्या पाण्याची पानं आणि तेवढ्याच अळ्या. दोन-तीन दिवसांनी मोजा. डबे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण "औषधच बनावट" की "फवारणी चुकली" की "अळी पक्की", याचा अंदाज येतो. कोबीवाल्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी. शेतातल्या किडी डीडीटीला पक्क्या झाल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतली एक याच ठिपक्यांच्या पतंगाची, १९५० च्या दशकात जावा बेटावरची, आणि बीटीच्या फवाऱ्याला शेतात पहिल्यांदा पुरून उरला तोही हाच.

फरदड, आणि घरामागचा ढीग

पाणी आहे, भाव बरा आहे, म्हणून कपाशी मार्चपर्यंत ओढायची. फरदडीतून दोन-चार क्विंटल मिळतात हे खरं. पण उरलेल्या पक्क्या अळ्यांना तेवढे महिने खायला मिळतं, त्यांची एखाद-दोन पिढ्यांची भर पडते. डिसेंबर-जानेवारीत पीक काढून टाकलं तर त्यांची उपासमार होते. अमेरिकेत ॲरिझोनात याच अळीवर बीटी, आधी नॉन-बीटी ओळी आणि नंतर त्यांच्याऐवजी वांझ केलेले पतंग सोडणं, आणि ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, गाडून टाकणं, हे सगळं केलं. २०१८ साली तिथल्या कृषी खात्यानं देशातल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं मोठी, शेतकरी मोजके, हे मान्य. पण तारखेची शिस्त आपल्यालाही पाळता येईल, गावानं ठरवलं तर. एकट्यानं काढून उपयोग नाही, शेजारच्या फरदडीतून पतंग येतातच.

पीक काढलं तरी पऱ्हाटी राहते. तिच्यावरच्या न फुटलेल्या, किडक्या बोंडांत अळ्या झोपून राहतात आणि पावसाळा लागला की पतंग होऊन बाहेर पडतात, तोवर नवी कपाशी पात्यावर येत असते. तो बोंडं घेऊन आलेला माणूस मार्चमध्ये पुन्हा भेटला. त्याच्या घरामागं पऱ्हाटीचा माणूसभर उंच ढीग रचलेला. मी म्हटलं, हा काढा. त्याची घरवाली म्हणाली, "मग चुलीत काय घालू, भाऊ? सिलिंडरचा भाव पाहिला का तुम्ही?" मला बोलता आलं नाही. शेवटी असं ठरलं की जळण राहू दे, बोंडं तेवढी झोडून काढायची आणि ढीग मृगाच्या आत संपवायचा. दोघांनी दोन दुपारी बसून बोंडं झोडली. दोन पोती निघाली. अंगणातच जाळली.